दुसरी सही

रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे एकतीस वर्षं उभं राहून बाईंनी काय मिळवलं, तर सुजलेले पाय आणि एक टोपणनाव. तिथे औषधाच्या प्रत्येक पिशवीवर दोन सह्या लागायच्या, एक भरणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. तपासणाऱ्या या, म्हणून सगळे त्यांना 'दुसरी सही' म्हणायचे. गोळीचं नाव, पॉवर, दिवसातून किती वेळा, पिशवी नेमकी कुणाची, हे सगळं त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय काहीही खिडकीबाहेर पडत नसे. त्यांनी पकडलेल्या चुका कुणी मोजल्या नाहीत. पकडलेल्या चुकीने कुणाचं काही बिघडतच नाही, मग आभार कशाचे मानायचे? निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही आठवड्यात बंद पडलं.

घरी बसून बोटाला चैन पडेना. इमारतीतले लोक औषधांची पिशवी घेऊन यायचे. बाई ती जेवणाच्या टेबलावर पालथी करायच्या, डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवायच्या आणि एकेक स्ट्रिप उजेडाला धरायच्या. चहा विचारायच्या नाहीत. कामाच्या वेळी गप्पा त्यांना खपत नसत.

अडचण एवढीच होती की कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं होतं. येणाऱ्या निम्म्या पिशव्या त्याच्याच. एकदा तळमजल्यावरच्या शिक्षिकेच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी दुप्पट पॉवरची निघाली. बाईंनी गाजावाजा न करता ती बदलून आणायला लावली, पण शिक्षिकेच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली.

दीर तावातावाने आला. "वहिनी, मला बाहेरचे शत्रू कमी पडले का? रोज तुमच्या टेबलावर माझी अब्रू पालथी पडते."

"भावजी, गोळी चुकली होती."

"चुकली असेल, माणूस आहे मी. पण घरच्याने झाकायचं की चव्हाट्यावर मांडायचं?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भला माणूस, इतका भला की कुणाच्याच बाजूने उभा राहायचा नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ना गं. त्याच्या दुकानातल्या पिशव्या तू नको बघत जाऊस. घरात वाकडं नको."

एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाने बाईंना 'बघू नका' म्हटलं नव्हतं. त्यांना ते फार लागलं. "बरं," त्या म्हणाल्या, "यापुढे भावजींच्या दुकानातल्या कागदालासुद्धा मी हात लावणार नाही. मग आपल्या घरची पिशवी का असेना." नवऱ्याला वाटलं, मिटलं एकदाचं. बायकोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी त्याला कळायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात त्याच्या बोटांचे सांधे सुजले. नव्या डॉक्टरांनी गोळी दिली. डॉक्टर सांगतील ते दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरायचं, ही त्याची जुनी खोड. भावाने पाकिटावर लिहून दिलं की हा निर्धास्त. पिशवी टेबलावर येऊन पडली तेव्हा बाई भाजी निवडत होत्या. चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. हात पुसून एकदा बघावं, असं मनात आलंही. पण त्याच मनाने म्हटलं, नको म्हणालात ना, मग घ्या आता. त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि भाजीला जागा केली.

आठवड्याभरात त्याच्या तोंडात फोड आले. चहाचा घोट घेववेना. बाईंनी जेवणातलं तिखट बंद केलं. अकराव्या दिवशी ताप चढला, हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा बाईंनी शब्द मोडला आणि औषधांचा खण उघडला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा एक. पाकिटावर दिराच्या अक्षरात होतं, रोज एक. दहाची स्ट्रिप संपली होती, दुसरीतली एक गेली होती. गोळी बरोबर, पॉवर बरोबर. त्यांच्या हाताखालून गेली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

ज्या रुग्णालयात बाईंनी जन्म घालवला, तिथेच नवरा सहा दिवस होता. सातव्या दिवशी गेला.

भेटायला येणाऱ्यांनी दिराचं नाव काढलं नाही. "तुमच्यासारखी तपासणारी घरात असताना असं कसं झालं?" हे मात्र प्रत्येकाने विचारलं. शिक्षिकेनेही. दीर रडत म्हणाला, "मी चुकलो वहिनी, पण तुम्ही तरी एकदा बघायचं होतं."

कोणी नको म्हटलं होतं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो म्हणाला ते खरंच होतं. पण ते त्याने बोलावं, याची चीड त्यांना गिळता येईना.

महिन्याने बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. न मागता दिराने पिशवी पाठवली. पाकिटावर लिहिलं होतं, 'वहिनी, तपासून घ्या.' खाली त्याची सही होती आणि शेजारी दुसऱ्या सहीसाठी रेघ आखलेली होती.

बाईंनी पिशवी पालथी केली. नाव पाहिलं, पॉवर पाहिली, किती वेळा ते पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. एक तरी चूक सापडावी म्हणून त्यांचं बोट त्या दोन ओळींवरून कितीतरी वेळ फिरत राहिलं. सगळं बरोबर होतं. बाईंनी पेन शोधलं आणि रेघेवर सही केली.