चिंचेच्या खड्ड्यावर बॅडमिंटन

खड्डा माझ्या छातीपर्यंत होता आणि मी त्यात उभा होतो. काठावर आमचे डेप्युटी इंजिनिअर साहेब उभे होते.

"भोयर, शनिवारी संध्याकाळी मोठे साहेब इथं बॅडमिंटन खेळणार. शुक्रवारपर्यंत हे कॅरम बोर्डासारखं सपाट पाहिजे."

त्या दिवशी बुधवार होता.

१९७८ चा हिवाळा असेल. मी नुकताच ओव्हरसिअर म्हणून लागलो होतो. प्रोबेशन संपायला दोन महिने होते. सेलूच्या पलीकडं आमच्या खात्याचं एक छोटं विश्रामगृह होतं. त्याच्या अंगणातली जुनी चिंच पावसाळ्यात उन्मळून पडली. आठ माणसं लावून आम्ही तिचा बुडखा काढला आणि हा खड्डा उरला. मोठे साहेब म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. त्यांना बॅडमिंटनचं वेड होतं. आणि डेप्युटी साहेबांना नागपूरला बदली पाहिजे होती, ती मोठ्या साहेबांच्या शब्दावर अडली होती.

झाडाचा खड्डा भरणं लोकांना सोपं वाटतं. माती लोटली, वरून पाय दिला, झालं. आपल्याकडच्या काळ्या मातीत तसं चालत नाही. खणलेली काळी माती म्हणजे नुसती ढेकळं. ढेकळांमध्ये हवा राहते. पाणी लागलं की ढेकळं विरघळतात आणि जमीन खाली बसते. म्हणून वीतभर माती टाकायची, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं, मगच पुढचा थर. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी ठोकळा. शेवटी चार बोटं उंच ठेवायचं, कारण कितीही ठोकलं तरी थोडं बसतंच. मुळीचा तुकडासुद्धा आत राहू द्यायचा नाही.

हे सगळं मी खड्ड्यात उभ्यानंच सांगितलं. "आठ दिवस तरी लागतील, साहेब."

"इंजिनिअर कोण आहे? तुम्ही का मी?"

"तुम्ही, साहेब."

"मग भरा. आणि या मुळ्या, फांद्या पण आतच ढकला. वाहून कुठं नेत बसता?"

मी ऑर्डर बुक पुढं केलं. साहेब जे सांगतात ते त्यात लिहून सही करतात. साहेबांनी बुकाकडं असं पाहिलं, की मी ते बगलेत परत घातलं.

रेजांमध्ये, म्हणजे कामावरच्या बायांमध्ये, गयाबाई सगळ्यात जुनी. धुम्मस हाणून तिचे पंजे लाकडासारखे झाले होते. फांद्यांवर माती पडताना पाहून ती म्हणाली, "साहेब, हे तं गोदडीत कापूस भरल्यावानी होऊन राह्यलं. वरतून बरं दिसते, आत सारं पोकळ."

शुक्रवारी जमीन खरोखर कॅरम बोर्डासारखी दिसत होती. डेप्युटी साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाहिलं? आठ दिवस म्हणे!"

ती थाप मला लागली. कोर्टाच्या रेघा आखायचं काम माझ्याकडं होतं. कोर्ट अंगणातल्या विहिरीकडं दोन पावलं सरकवलं असतं तर खड्डा बाहेर राहिला असता. मी सरकवलं नाही. चुन्याची रेघ अशी ओढली की खड्डा पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, मागच्या कोपऱ्यात आला.

गयाबाई चुन्याचं घमेलं धरून होती. "तिकडं जागा हाय न, साहेब. काऊन नाई सरकवत?"

"पूर्वेकडून खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर संध्याकाळचं ऊन येते, गयाबाई. ती बाजू मोठ्या साहेबाले कोण देईन?"

तिनं क्षणभर विचार केला आणि पदर तोंडाला लावला.

शनिवारी धूळ बसावी म्हणून कोर्टावर पाणी शिंपडलं. बाकी जमिनीवर ते पसरलं. त्या कोपऱ्यात मात्र चार बादल्या ओतल्या तरी ओल दिसेना. गयाबाई हळूच म्हणाली, "पेऊन राह्यली जमीन."

पाच वाजता मोठे साहेब पांढरे बूट घालून आले. उंच, साधा माणूस. डेप्युटी साहेब लगबगीनं पूर्वेकडं निघाले. मी मनात खूश झालो.

"छे, छे," मोठे साहेब म्हणाले, "पहिला गेम ऊन मी घेतो." आणि तेच पूर्वेकडं चालू लागले.

मोठ्या साहेबांचा पाय मोडला तर प्रोबेशन सोडा, मला गाव सोडावं लागलं असतं. मी धावत आडवा गेलो.

"साहेब, तिकडे नको."

"का?"

"तिथलं भरण कच्चं आहे."

डेप्युटी साहेब ओरडले, "काही कच्चं नाही! मी स्वतः पाहिलंय."

मोठ्या साहेबांनी आमच्या दोघांकडं पाहिलं. गयाबाईनं कोणी न सांगता सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, त्या कोपऱ्यात उभी धरली आणि नुसती सोडली. हातभर आत गेली.

मोठे साहेब रॅकेट उचलून शांतपणे पश्चिमेकडं गेले. "तुम्ही पाहिलंय ना? मग तुम्हीच या बाजूनं खेळा."

त्यानंतरचा खेळ मी जन्मात विसरणार नाही. मोठ्या साहेबांनी एकामागून एक शटल त्याच कोपऱ्यात टाकलं. डेप्युटी साहेब काठापर्यंत धावायचे, थांबायचे आणि लांबूनच रॅकेट हलवायचे. अकरा-शून्य झालं. बाराव्या शटलला ते मान वर करून मागं सरकले आणि भान विसरले. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, बूट आतच राहिला.

गयाबाईनं फावडं आणलं. बूट निघेपर्यंत मोठे साहेब चुन्याच्या रेघांकडं पाहत होते.

"रेघा कोणी आखल्या?"

"मी, साहेब."

"दोन पावलं विहिरीकडं जागा होती ना?"

"होती, साहेब."

"मग?"

मी वाकून त्या कोपऱ्यातली चुन्याची रेघ हातानं पुसायला लागलो. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सोमवारपासून खड्डा पुन्हा उपसला. आठ दिवस, थरावर थर. प्रत्येक थर डेप्युटी साहेबांनी समोर उभं राहून तपासायचा आणि धुम्मस मी हाणायचं, अशी लेखी ऑर्डर होती. त्यांची बदली आणखी दोन वर्षं झाली नाही. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं, कारण लिहिलं होतं: आखणीतील निष्काळजीपणा. गयाबाईला मात्र त्याच महिन्यात मेट केलं, म्हणजे टोळीची प्रमुख.

तुमच्या अंगणातलं झाड काढलं असेल, तर मुळ्या वेचा, थराथरानं भरा आणि वर चार बोटं उंच ठेवा. आणि त्यावर कोणाला पाडायचा विचार असेल, तर तो माणूस कुठल्या बाजूनं खेळतो ते आधी पक्कं विचारून घ्या.