उबदार डब्यावरचा कप

थोरलीला कुणी काही सांगितलं की तिचे हात आधी हलायचे आणि डोकं मागाहून पोचायचं. माहेरी वडिलांनी "ऊठ" म्हटलं की ती उठलेली असायची. कशासाठी उठलो, ते उभी राहिल्यावर विचारायची. सासूला तिचा हा गुण फार आवडला. कचेरीत तर तो सगळ्यांनाच आवडला. एखाद्याचा गुण फक्त दुसऱ्यांच्याच कामी येत असला की त्याला लोक चांगुलपणा म्हणतात आणि मोकळे होतात.

कचेरी मालवाहतुकीची होती. आवारात ट्रक लागायचे, माल चढायचा, आणि खिडकीतून छापील पावती हातात पडल्याशिवाय फाटकावरचा पहारेकरी एकाही गाडीला बाहेर सोडायचा नाही. त्या पावत्या थोरली काढायची. शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ मालाची नोंद करायची. ही नोकरी धाकटीला थोरलीनेच मिळवून दिली होती, मालकांच्या दाराशी खेटे घालून. दोघी सकाळी एकाच घरातून निघायच्या आणि संध्याकाळी एकाच घरी जायच्या, म्हणून घरातली थोरली-धाकटी ही हाक कचेरीनेही उचलली होती.

या कचेरीला एक खोड होती. संगणकाचा उभा डबा, म्हणजे सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो, प्रत्येकाच्या टेबलावरच असायचा. त्याच्या वरच्या जाळीतून गरम हवा यायची आणि तिच्यावर कप ठेवला की चहा बराच वेळ निवायचा नाही. हा शोध कुणी लावला देव जाणे, पण झाडून सगळ्या टेबलांवर डब्याच्या डोक्यावर कप दिसायचा. थोरलीच्या डब्यावर मात्र तो टिकत नसे. तिच्या खणात जुन्या चादरीचं एक मऊ फडकं होतं. कप दिसला की ती उचलून बाजूला ठेवायची आणि खालचा ओला गोल पुसून टाकायची. लोक हसायचे, पण तिच्या डब्यापासून लांब राहायचे.

लांब राहत नसत ते एकटे जावईसाहेब. मालकांचे जावई, म्हणून व्यवस्थापक. पाठीमागे सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे, समोर आले की उठून उभे राहायचे. ते स्वतःच्या खोलीत बसून कॉफी प्यायलेले कुणी पाहिले नव्हते. कप घेऊन टेबलाटेबलांवरून फिरायचे, दुसऱ्याच्या पडद्यात बोट खुपसायचे आणि मिळेल त्या डब्यावर कप टेकवायचे. त्यांचाही कप थोरली उचलायचीच, फक्त त्यांची पाठ वळल्यावर.

त्या दिवसांत ती खुशीत होती. मोठे कारकून निवृत्त होणार होते, आणि काचेच्या खोलीतली त्यांची खुर्ची थोरलीला देणार, असं मालक सर्वांदेखत बोलले होते. नवऱ्याने पगाराचं विचारलं. थोरलीच्या मनात वेगळंच होतं. त्या खुर्चीवरच्या माणसाला कुठलीही गाडी थांबवायचा अधिकार होता. माल जास्त दिसला, वजन पटलं नाही, की तो नुसता हात वर करायचा आणि म्हणायचा, थांबा. आणि सगळे थांबायचे. थोरलीने जन्मात कुणाला थांबवलेलं नव्हतं. आरशासमोर वेणी घालताना ती हळूच तो शब्द म्हणून बघायची आणि स्वतःशीच लाजायची.

मग एका सकाळी आवारात गाड्यांची ही रांग लागली. भोंग्यांनी कान किटले. जावईसाहेब लगबगीने आले, साखर घातलेल्या कॉफीचा भरलेला कप त्यांनी थोरलीच्या डब्यावर ठेवला आणि पडद्यावरची कुठलीशी चूक दाखवायला हात लांब केला. कोपर लागलं. कप कलंडला आणि सगळी कॉफी जाळीतून आत गेली.

थोरलीने क्षणात वायर उपटली. डबा आडवा केला, कडेचं झाकण काढलं, फडकं लावलं. तपकिरी ओघळ टेबलावरून खाली ठिबकत होते. मागे एकदा छत गळलं होतं तेव्हा दुरुस्तीवाल्याने सगळ्यांना बजावलं होतं, की ओला डबा चालू करून बघायचा मोह काही झालं तरी धरू नका. ते तिला पक्कं आठवत होतं. तिने सांगितलंही.

"साहेब, आत ओल आहे. दुरुस्तीवाला येऊ दे."

"वरवर तर सांडलंय. लावा वायर, बघू तरी. बाहेरचे भोंगे ऐकू येत नाहीत का तुम्हाला?"

डोकं नको म्हणत होतं. हातांनी वायर लावली आणि बोटाने बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पडदा उजळला, जावईसाहेब "बघा" असं म्हणायला तोंड उघडतात तोच आत चटकन काहीतरी वाजलं आणि जळल्याचा वास सुटला. पडदा काळा झाला तो झालाच.

गाड्या संध्याकाळपर्यंत अडकून पडल्या. एकीत नाशवंत माल होता, तो गेला. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आले. दुरुस्तीवाल्याने डबा उघडून आतली काळी पडलेली पट्टी त्यांना दाखवली आणि त्याला दिसलं ते सांगून टाकलं. सांडल्याने हा गेलेला नाही, ओला असताना चालू केला म्हणून गेला. धीर धरला असता तर वाचला असता.

मालकांनी विचारलं, "चालू कुणी केला?"

कॉफी कुणाची होती, हे कुणीच विचारलं नाही. जावईसाहेब खिडकीतून एका ट्रकचं टायर न्याहाळत होते, जणू ते टायर त्यांनीच घडवलं होतं. बाकीचे आपापल्या कागदांत डोकं खुपसून बसले. थोरली धाकटीकडे बघत होती. धाकटी शेजारीच होती, तिने पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. ती सांगेल, अगदी सगळं सांगेल, याबद्दल थोरलीच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

"बटण जाऊबाईंनीच दाबलं," धाकटी म्हणाली, आणि पुन्हा नोंदीकडे वळली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मालक थोरलीकडे वळले. "दाबलंत?"

"हो."

आणि तिचे हात फडक्याची घडी घालू लागले. एवढी वर्षं या यंत्रावर काढलीत आणि एवढं कळू नये, असं मालक म्हणाले, आणि खुर्चीचा विषय तिथेच संपला.

घरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिने विचारलं. आवाज चढवला नाही. तो चढवायचा कसा, हे तिला येतच नव्हतं.

"कप कुणी ठेवला ते का नाही सांगितलंस?"

धाकटीने उशीचा अभ्रा झटकला. "त्यांनी विचारलंच नाही. आणि जाऊबाई, तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

थोरलीला इतका संताप आला होता की हातातली चादर टराटरा फाडावी. तिने तिची नीट चौकोनी घडी केली. नवऱ्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, जाऊ दे, एका घरात राहायचंय.

काचेची खोली धाकटीला मिळाली. थोरलीला पलीकडे गुदामाच्या दारात टेबल दिलं, पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. तिथे संगणकही नव्हता. फडकं मात्र तिने सोबत नेलं होतं.

एकदा सही घ्यायला ती काचेच्या खोलीत गेली. नव्या संगणकाच्या डब्यावर कॉफीचा कप वाफाळत होता. जावईसाहेब धाकटीच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्यात बोट खुपसत होते, आणि त्यांचं कोपर कपाच्या अगदी जवळ होतं. धाकटी हसून मान डोलवत होती. थोरलीच्या हाताने कप उचलून टेबलाच्या कडेला ठेवला, फडक्याने जाळी पुसली.

जावईसाहेबांनी वळूनही पाहिलं नाही. "तिथेच राहू द्या तो. गार होतो."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी सही करत होती, तिने मान वर केली नाही. आरशासमोर घोटलेला तो एक शब्द थोरलीच्या ओठांवर आला.

तिने कप उचलला आणि परत डब्यावर ठेवला.