डिस्कमध्ये अडकलेला ढावलो

औंढ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. सीझनमध्ये लग्नांचं शूटिंग, एरवी पासपोर्ट फोटो आणि नागनाथाच्या दर्शनाला आलेल्यांचे कुटुंबासकट फोटो. कुणी दुकानात येऊन गोड बोलायला लागलं की माझ्या मनात आधी शंका येते, की याला नक्की काय पाहिजे? बायको म्हणते, तुम्ही आरशातल्या माणसावरही नजर ठेवता. ठेवतो, आणि त्यात माझं आजवर काही बिघडलेलं नाही.

त्या दिवशी आलेली मुलगी मात्र अजिबात गोड बोलली नाही. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला तिचा तांडा. उन्हाळ्यात तिचं लग्न मीच शूट केलं होतं. पावसाळ्यात तिची आई वारली, हे तिनं उभ्याउभ्याच सांगितलं.

“तुमी दिलेल्या पेनड्राइव्हमदी याडीचा, माज्या आईचा, आवाजच न्हाई. ती ढावलो म्हणून राहिली, अन् तुमी वरून सिनेमाचं गाणं टाकलं.”

लेक सासरी निघाली की तांड्यावरच्या बाया तिच्या गळ्यात पडून रडत रडत जे म्हणतात, तो ढावलो. आम्ही शूटिंगवाले अशा रडण्यावर हमखास पाठवणीचं गाणं टाकतो. लोकांना ते आवडतं. तिच्या आईनं म्हणे फोनवरही कधी आवाज रेकॉर्ड करू दिला नव्हता. म्हणजे तिचा आवाज आता फक्त माझ्याकडच्या न कापलेल्या शूटिंगमध्ये होता.

“आहे की,” म्हणून मी डिस्क जोडली. त्या डिस्कचे मी दोन भाग केलेत, एकात फोटो, दुसऱ्यात व्हिडिओ. फोटोंचा भाग लगेच उघडला. व्हिडिओच्या भागावर क्लिक केलं आणि पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. माऊस हलेना, काही बंद होईना, अख्खा कॉम्प्युटर ठप्प. मी वायर उपटली. कॉम्प्युटर ताबडतोब शुद्धीवर आला. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. वायर बदलली, लॅपटॉपला लावून पाहिली. दर वेळी तेच चक्र, आणि दर वेळी वैतागून मी वायर उपटलेली.

“पुसलं ना तुमी?” ती म्हणाली.

“नाही हो ताई. डिस्क अडकली आहे.”

“पुसल्यावर सगळे असंच म्हणतेत.” पुढच्या बाजाराच्या दिवशी येते म्हणाली आणि गेली. मला राग आला. संशय घ्यायचं काम आमच्या दुकानात माझं आहे.

ती गेल्यावर मी ते काम हाती घेतलं. अर्धी डिस्क ठणठणीत आणि अर्धी मुकी, इतका मोजूनमापून बिघाड आपोआप होतो का? दसऱ्यापर्यंत माझा एक भागीदार होता. व्हिडिओचं सगळं तोच बघायचा. दसरा झाला आणि त्यानं हट्टा गावात स्वतःचा स्टुडिओ टाकला. जाताना पाया पडला होता, तेव्हाच मला ते जरा जास्त वाटलं होतं. आता डिस्क उलटीपालटी करून पाहिली तर तिच्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं, फटीत झेंडूची वाळकी पाकळी. खंडेनवमीला कॅमेरे, ट्रायपॉड, कॉम्प्युटर सगळं पूजेला मांडलं होतं आणि मांडणारा तोच होता. मला चोराच्या बोटाचा ठसा सापडल्याचा आनंद झाला.

मी फोन लावला. “डिस्कला काय केलंस?”

“मी काहून काही करू?” तो म्हणाला. “दसऱ्याच्या साफसफाईत आपण जुनी लग्नं त्या डिस्कवर टाकून राहिलो होतो ना? पूजेच्या टायमाला कॉपी चालूच होती. तुमच्या बाबांनी बोर्डाचं बटण बंद केलं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी काय म्हणले असते? मीच बंद केलं, असंच ना?”

मी घरात जाऊन बाबांना विचारलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

“व्हय, मीच केलं. पूजंला मांडलेलं औजार चालू ठेवतेत का? त्या दिवशी आपण औताला हात लावत न्हाई, अन् तुझा डबा गुरगुर करून राहिला होता.”

आता मला उलगडा झाला. लिहिता लिहिता वीज तुटली की डिस्क पुढच्या वेळी एकदम उघडत नाही. काय लिहून झालं, काय अर्धवट राहिलं, ते आधी तपासते. कॉपी व्हिडिओच्या भागात चालली होती, म्हणून तोच भाग अडकला. भाग मोठा, म्हणून वेळ लागत होता. आणि तपासणी जरा कुठं पुढं सरकली की मी वायर उपटत होतो, म्हणजे बिचारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाजाराच्या दिवशी ती आली, तेव्हा मी तिच्यासमोरच डिस्क जोडली. दुकान इन्व्हर्टरवर घेतलं. बाबांना बोर्डाखाली स्टूल टाकून बसवलं, कुणी बटणाला हात लावू नये म्हणून. आणि माझा एक डोळा बाबांवर. ती माझ्या हातांकडे बघत होती. चहा आला तरी तिची नजर हलली नाही. माझा हात दोनदा वायरकडे गेला. खरं सांगतो, मी मनातून घाबरलो होतो. माझा अंदाज चुकला असता तर या मुलीची आई कायमची गेली असती, आणि मी पुसलं असंच ती जन्मभर म्हणाली असती.

दुपार कलली आणि चक्र थांबलं. फोल्डर उघडले. तिचं लग्न त्यात होतं.

मी पाठवणी लावली. आई लेकीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती, आवाज चिरका आणि लांबलचक. मुलगी कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. “काही कापलं तर न्हाई ना?” तिनं विचारलं. नाही म्हणालो. ढावलो संपला. मी बंद करायला गेलो, तेवढ्यात पडद्यावरच्या आईनं पदरानं नाक पुसलं आणि सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, डोळे बारीक करून पाहिलं.

“भाऊ, ती क्यामेऱ्याची लाल बत्ती लागली व्हती ना? न्हाई तर मी इतकी रडले, अन् तू म्हणशील आलंच न्हाई.”

हा तुकडा मी कुणालाच दिला नसता; असलं सगळं आम्ही कापतो. मुलगी आधी हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि मग ते आवरेना. बाबा स्टुलावरून उठले, पण बोर्डापाशीच उभे राहिले. मी ढावलो पुन्हा सुरुवातीपासून लावायला घेतला, तर तिनं माझा हात धरला.

“ढावलो राहू द्या भाऊ,” ती म्हणाली. “ते बत्तीचं परत लावा.”