मास्तरांनी बदललेला शब्द

मास्तरांसमोर 'स्मॉल'च्या जागी 'लिटल' म्हटलं की संपलंच. जेवत असले तरी हात थांबवून विचारायचे, "फरक काय?" जयगडजवळच्या आमच्या बौद्धवाडीत सगळे त्यांना फरकमास्तरच म्हणत, आणि ते ओही देत. त्यांच्याच हाताखाली शिकले म्हणून मी आज रत्नागिरीत वकिलांकडे इंग्रजी टायपिंग करून खाते. बोलणीही मीच जास्त खाल्ली. "हिअर म्हशीलापण जमतं गो. लिसन तू कधी करणार?"

वाडीतली निम्मी पोरं जहाजावर. त्यांचे इंग्रजी कागद आले की सही करण्याआधी मास्तरांच्या पडवीत न्यायचे, असा रिवाजच होता. ते एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत.

मग त्यांच्याच घरी कागद आला. मुलगा प्रशांत जहाजावरून समुद्रात पडला, सापडला नाही. कंपनीनं लिहिलं होतं, 'लॉस्ट ॲट सी'. मास्तर रडले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीला लिहिलं, शब्द चुकलाय, 'मिसिंग' करा. मला म्हणाले, "लॉस्ट म्हणजे शोधून दमले. मिसिंग म्हणजे अजून कोणतरी शोधतंय." कंपनीनं मुकाट्यानं शब्द बदलला. आम्हाला कोण अभिमान वाटला!

त्या शब्दापायी मृत्यूचा दाखला अडला. सून सुजाता पंचवीस वर्षांची, ना विधवा ना सवाष्ण. मेलेल्या माणसासाठी करतात ते पुण्यानुमोदनही मास्तरांनी होऊ दिलं नाही. सावर्ड्याचं एक चांगलं स्थळ तिच्यासाठी दोन वर्षं थांबलं आणि कंटाळून गेलं. सात वर्षं भरल्यावर कुठे कोर्टात जाता आलं. प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं, मास्तरांच्या सहीला मीच नेलं. 'डेड'वर बोट ठेवून ते म्हणाले, "हा शब्द काढ."

सुजाता चुलीपुढून उठून आली. आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही एक शब्द बदललात आणि माझी सात वर्षं गेली. आता नका बदलू."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तेव्हा मास्तरांची वाहवा करणाऱ्यांत मीही होते ना.

मास्तरांनी सही केली. कागद सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "चुकलो गो मी."

पुढे तिचं लग्न झालं, पाठवणी त्यांनीच केली. त्यानंतर मास्तर दोन वर्षं जगले. कुणी इंग्रजी कागद घेऊन आलं की म्हणत, "चष्मा सापडत नाय माझा, दुसऱ्याकडे जा."

चष्मा नाकावरच असायचा.