म्हशीनं मिळवून दिलेलं नाव

शिवाजी पेठेतल्या आमच्या फुटबॉल संघाचा मी कॅप्टन झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी ओरडलो, "सकाळी सरावाला जो उशिरा येईल, त्यो मॅचला बाहेर बसंल!" मला दरारा हवा होता.

पुढच्याच आठवड्यात सरावाला जाताना समोर म्हैस पिळून देतात ते ताजं दूध प्यायला दूधकट्ट्यावर थांबलो आणि म्हैस पान्हाच सोडेना. मैदानावर पोचलो तर सगळे घड्याळ दाखवून खिदळत होते. चडफडत मॅचला स्वतःलाच बाहेर बसवलं. माझ्याशिवाय आम्ही जिंकलो, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो.

माझे गोल आता कुणालाच आठवत नाहीत. पण नवा कॅप्टन निवडायची वेळ आली की पेठेतले जुने लोक अजून विचारतात, "ह्यो सवताला बाहेर बसवंल का?"