कांडीचं दुसरं तोंड

लेथबाईचा सरकारवर राग नव्हता. सोळाव्या वर्षी तिला लेथ चालवायला सरकारनंच शिकवलं, योजनेतून मशीन मिळवून दिलं आणि वर दमही भरला: शिवणयंत्राचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळकांडी, बाहेरच्या देशात विकशील तरच चांगलं पोलाद मिळेल. तो दम तिला फार आवडला होता. ‘‘घरच्यांनी माझ्याकडून चहाशिवाय काही मागितलं नाही,’’ ती म्हणायची, ‘‘सरकारनं निदान महिन्याला हजार बुश मागितले.’’

नियम मात्र कडक. सलग तीन वेळा माल नापास झाला की पोलाद बंद. दोनदा झाला होता. आज तिसरी तपासणी, आणि चाळीस बुशांपैकी अकरा बाजूला पडले होते.

‘‘इथं सही करा,’’ नापासचा कागद पुढे करत सरकारी तपासनीस म्हणाले. माघारी सगळे त्यांना नापाससाहेब म्हणत.

‘‘नाही करत.’’

‘‘का? हात दुखतोय?’’

‘‘हात ठणठणीत आहे. पटत नाही. तुमची कांडी द्या बघू.’’

कांडी पोलादी, दोन तोंडांची. एक तोंड बुशाच्या भोकात जायलाच हवं, दुसरं अजिबात जाता कामा नये. दुसरं गेलं तर भोक मोठं, बुश नापास.

‘‘दुसरं तोंड नुसतं टेकवायचं असतं, साहेब. तुम्ही अंगठ्यानं रेटता. पाच वर्षं बघतेय.’’

‘‘त्याला कडक तपासणी म्हणतात.’’

‘‘इतकी कडक, की कांडीचं ते तोंडच झिजून बारीक झालं. आता चांगल्या भोकातही जातं.’’ तिनं मायक्रोमीटर लावला. ‘‘वाचा.’’

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. ‘‘मायक्रोमीटर तुमचा आहे.’’

‘‘मग सरकारी लावू. चला ऑफिसात.’’

ड्रिलवर काम करणारी तिची धाकटी जाऊ मशीन बंद करून मागोमाग निघाली. ‘‘ताई, जरा दमानं घे,’’ ती रस्ताभर सांगत होती. ताईनं फक्त बुशांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

ऑफिसच्या प्रयोगशाळेत मोजणी झाली. कांडी खरंच झिजली होती. नव्या कांडीनं चाळीसपैकी अडतीस पास, दोन नापास. ते दोन लेथबाईनं स्वतःच भंगाराच्या डब्यात टाकले.

साहेबांनी दोघींना व्हरांड्यात आणलं. आवाज एकदम मऊ. ‘‘चाळीसात दोन चालतात, तुमचा माल पास. पोलाद सोमवारी येईल. कांडी मी बदलून घेतो. विषय मिटला.’’

‘‘माझा मिटला. हिचा?’’

जावेचा कारखाना गेल्या वर्षी याच कांडीनं बंद पडला होता. तिचं मशीन लिलावात गेलं, आणि ती मोठ्या जावेच्या ड्रिलवर उभी राहिली.

‘‘जुनं उकरून काय मिळणार?’’

‘‘वर कळवा. कांडीचा नंबर, आणि तिनं कुणाकुणाचा माल नापास केला, सगळं.’’

‘‘अहो, चौकशी लागेल. ती संपेपर्यंत या भागातलं सगळ्यांचं पोलाद थांबेल. तुमचंसुद्धा.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘सरकारी चौकशी आहे. मी काय सांगू?’’

‘‘मग लवकर लिहायला घ्या.’’

जाऊ मध्ये आली. ‘‘ताई, डोकं फिरलंय का? माझं गेलं ते गेलं. कामावरच्या सहा जणींना काय सांगशील? पोलाद रुसून बसलंय म्हणून?’’

‘‘खरं तेच सांगेन. शिव्या देतील, खाईन. पण ह्यांनी चुकीचं मोजायचं आणि आपण कपाळाला हात लावून घरी बसायचं, हे चालणार नाही. आम्हाला शिस्त लावलीत ना, साहेब? आता तुम्हीही लावून घ्या.’’

‘‘माझी नोकरी जाईल, बाई.’’

‘‘हिचा कारखाना गेला. ती जिवंत आहे.’’

साहेब आत गेले. लिहायला की वेळ काढायला, काही कळेना. लेथबाई दारासमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाच वाजता शिपाई म्हणाला, ऑफिस बंद होतंय. ती म्हणाली, ‘‘कागद वर गेल्याचा शिक्का दाखवा, लगेच उठते.’’

शिपायानं जावेकडे पाहिलं, हिला जरा समजवा अशा नजरेनं.

‘‘सरक की थोडी,’’ जाऊ ताईला म्हणाली, आणि शेजारी बसली.