डाग उडवून टाका, मॅडम!

मी त्वचेची डॉक्टर. एरवी जळगावात, फक्त गुरुवारी धुळ्यात. लेझरचं मशीन आणल्यापासून किश्शांना तोटा नाही. मैत्रिणी म्हणतात, "लिहून काढ, लोक हसतील." हसा बापडे! माझं तर डोकंच फिरतं.

परवाचंच घ्या. मेहरूणहून एक वडील मुलीला घेऊन आले. गालावर जन्मापासूनचा लाल डाग. "रविवारी हळद आहे. डाग उडवून टाका!"

"भाऊ, कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. लेझरने ते हळूहळू बंद होतं. बऱ्याच बैठका लागतील."

"मग एकदाच फुल पॉवरवर मारा ना!"

गाल भाजेल म्हटलं, तर म्हणे, "वरून मेकअप करू." मुलगी समोर बसलेली, तिला कोणी विचारायलाच तयार नाही! शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, "मुलाने डाग बघूनच होकार दिलाय. घाई पप्पांनाच आहे."

धुळ्याला एका पार्लरवालीने केस काढायच्या मशीनने एका मुलीच्या नाकावरच्या लाल शिरा 'काढल्या'. नाकभर फोड! मी फोनवर झापलं, "ट्रेनिंग कुठे घेतलं?"

"मशीनवाल्याने व्हिडिओ पाठवलाय ना मॅडम. तुम्हाला पण फॉरवर्ड करू का?"

रावेरकडचे एक नाना, केळीचे बागायतदार. लेझर चालू असताना डोळ्यांवरचा गॉगल काढून चक्क सेल्फी घेत होते. मी किंचाळले, "नाना, डोळे जातील!"

"एकच उघडला होता ना, मॅडम!"

पण खरा संताप आला तो सोनगीरच्या एका सासूबाईंचा. त्यांची सून तान्ह्या मुलीला आणायची. बाळाच्या कपाळावर लाल डाग. पहिल्या बैठकीनंतर तो जांभळा पडला. काही दिवस तसा पडतोच, मी आधीच सांगितलं होतं. तरी सासूबाई भांडायला हजर!

"डाग आखो काया पडना! इनीच गरहनमा वांगं चिरं, म्हनीसन पोरले हाई भोगनं पडी ऱ्हायनं. आते लेझर बंद!"

मी ताडकन उठले. सुनेने गरोदरपणी ग्रहणात वांगं चिरल्याचा डागाशी काडीचा संबंध नाही, उपचार थांबवले तर पोरीचंच नुकसान आहे, हे आवाज चढवून सांगितलं. सासूबाई ढिम्म. सून मान खाली घालून बाळाला थोपटत होती.

भांडून झाल्यावर सासूबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठीच गाठी!

"डॉक्टरीन बाई, मना पायले बी जरा मारी द्या तो लेझर."

सुनेने पहिल्यांदाच मान वर केली.

"आत्या, तुमनी मायनी गरहनमा काय चिरेल व्हतं?"